दुसरी खुर्ची

विमानांच्या कारखान्यात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'ओळंबा'. गवंड्याचा ओळंबा जशी भिंतीची लाज काढतो, तशी हे दिसेल त्या रेषेची काढायचे. टेबलावर कप जरा तिरका असला की आधी तो सरळ होणार, मग चहा. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेले तरी त्यांच्या भिंतीवरची चित्रं सरळ करून यायचे. बायको कपाळाला हात लावायची. "अहो, लोकांनी आपल्याला जेवायला बोलावलंय, दुरुस्तीला नाही!"

पण ओळंबासाहेबांना सात खून माफ होते, कारण 'सुई' त्यांची होती. सुई म्हणजे आवाजाला मागे टाकून पळणारं लढाऊ विमान. कागदावर तिचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. सुई हे नाव कामगारांनी ठेवलं आणि तेच चिकटलं. निमुळतं नाक, मागे दुमडल्यासारखे पंख आणि वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या छतापासून शेपटापर्यंत एकाच ओघात गेलेली पाठ. ती पाठ साहेबांनी तरुणपणी एका बैठकीत काढली होती, आणि तेव्हापासून तिच्यावर माशी बसू दिली नव्हती.

तसं पाहिलं तर सुईचं मूळ रूप फार दिवस टिकलंच नाही. विमान चांगलं निघालं की सगळ्यांना त्याच्याकडून सगळंच हवं असतं, घरातल्या कामसू सुनेसारखं. आधी रडार हवं म्हणाले, म्हणून नाक फुगलं. ती झाली 'नाकाडी'. मग उंचावरून जमिनीचे फोटो हवे झाले, तेव्हा पोटात कॅमेरे बसले, ती 'फोटोवाली'. पुढे जहाजावर उतरणारी मागितली. तिचे पंख मिटायचे आणि शेपटाखाली दोर पकडायला आकडा होता, ती 'खलाशीण'. दरवेळी साहेब चिडायचे, दरवेळी आठवडाभर कुणाशी धड बोलायचे नाहीत आणि दरवेळी शेवटी सही करायचे. अट मात्र एकच.

"नाक बदला, पोट बदला, शेपूट बदला. पाठीला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

पाठीला हात लावायचा हक्क फक्त त्यांचा. नवं लाकडी मॉडेल तयार झालं की साहेब मॉडेलघरात जायचे, डोळे मिटायचे आणि तळहात डोक्यापासून शेपटापर्यंत हळूच फिरवायचे. "हात अडखळता कामा नये," असं ते तिथल्या पॉलिशकाकांना सांगायचे. हात अडखळला, तर वाराही अडखळणार. पॉलिशकाकांनी हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी ते बिनचूक म्हणून दाखवलं असतं.

साहेबांचं एक दुखणं होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं, असं त्यांना वाटायचं. इतकी वर्षं सुई उडत होती, पण ते स्वतः तिच्यात बसून एकदाही उडाले नव्हते. बसणार कसे? खुर्ची एकच, आणि ती वैमानिकाची. ढगोबा, म्हणजे चाचणीचा वैमानिक, खाली उतरला की साहेब शिडीपाशी उभेच असायचे.

"कसं वाटलं?"

"छान, साहेब."

"छान म्हणजे कसं?"

"म्हणजे... एकदम छान."

ढगोबा विमान उडवण्यात पट्टीचा होता, पण बोलण्याच्या बाबतीत आनंदच होता. आयुष्यभर आपण स्वयंपाक करायचा आणि चव मात्र दुसऱ्याला विचारायची, तीही अशा माणसाला, तशी साहेबांची गत झाली होती.

मग दोन खुर्च्यांच्या सुईची मागणी आली. हवाई दलातली नवी पोरं थेट सुईत बसायला घाबरत होती, आणि त्यांच्यापेक्षा त्यांचे वरिष्ठ जास्त घाबरत होते. शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसले पाहिजेत, असं ठरलं. शेजारी-शेजारी म्हटल्यावर डोकं रुंद झालं, काचेचं छत फुगलं आणि सुईचं पार रूप गेलं. पहिलं चित्र बघून साहेब म्हणाले, "ही कसली सुई! ही तर बेडकी." झालं, तेच नाव पडलं.

बेडकीचं काम होतं साहेबांच्या लेकीकडे. ती त्यांच्याच विभागात होती, आणि हुशारीत बापाच्या वरचढ आहे असं बाकीचे हळू आवाजात म्हणायचे. घरी ती त्यांना 'बाबा' म्हणायची. कारखान्याच्या फाटकातून आत आलं की 'साहेब'. हा नियम साहेबांनीच घातला होता आणि लेकीने तो कधी मोडला नव्हता. खलाशिणीचं मानाचं काम तिला देऊ केलं असताना तिने हे पोरांना शिकवायचं विमान मागून घेतलं, याचं साहेबांना मनातून वाईट वाटलं होतं. पण बोलले नाहीत. मूग गिळणं त्यांना जमायचं. पचवणं जमायचं नाही.

बेडकी उडाली. बरी उडाली. फक्त आवाजाच्या वेगाजवळ पोचली की थरथरायची आणि पुढे जायचं नाव काढायची नाही.

"पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणीतरी हलवतंय असं वाटतं," ढगोबा म्हणाला. हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

दुसऱ्या खुर्चीत तेव्हा माणूस नसायचाच. विमान आवाजाच्या पलीकडे जाऊन सुखरूप परत येईपर्यंत तिथे माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधून न्यायचं, असा नियम होता. साहेब त्या पोत्याकडे बघत राहायचे. वर जाऊन आलेलं पोतं, आणि त्याला धड पट्टासुद्धा नीट बांधलेला नसायचा! एकदा कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी तो सरळ केला.

प्रकरण गळ्याशी आलं होतं. हवाई दलाची समिती लवकरच येणार होती. बेडकी आवाजाच्या पुढे गेली नाही, तर दोन खुर्च्यांचा बेत रद्द होणार होता, पोरं जुन्या मंद विमानावरच शिकणार होती. आणि साहेब त्याच सुमारास निवृत्त होणार होते. एकदा निवृत्त झालं की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा आत सोडत नाही, मग विमानात कोण बसवतंय? म्हणजे काय, तर सुईतून उडायची त्यांची एकुलती एक संधी त्या रुंद तोंडाच्या बेडकीच्या हातात होती, जिला त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती.

लेक एका सकाळी त्यांच्या टेबलापाशी आली. तिने कागद पसरला. बेडकीच्या छताच्या मागे, पाठीवर, तिने एक लांब उंचवटा काढला होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. उंचवटा तिथेच होता.

"हे काय?"

"साहेब, छत रुंद आहे आणि त्याच्यामागे धड एकदम बारीक होतं. हवा तिथे विमानाच्या अंगापासून सुटते, म्हणून थरथर. मागे भर घातली, तर बारीक होणं हळूहळू होईल."

"म्हणजे आधीच जाडी, तिला आणखी जाड करायची? बेडूक कितीही फुगला तरी त्याचा बैल होत नाही."

"वाऱ्याला जाडीचा राग नसतो, साहेब. अचानकपणाचा असतो. हे मला तुम्हीच शिकवलंत."

साहेबांनी ते शिकवलं होतं, हे खरंच होतं. सुईची कंबर त्यांनी पंखांपाशी आवळली होती ती याच कारणाने. पण कंबर आवळणं वेगळं आणि पाठीवर कुबड आणणं वेगळं. ते कुणाच्याही पाठीवर आणलं असतं तरी चाललं असतं. सुईच्या पाठीवर कसं आणायचं?

"मी मानणार नाही," ते म्हणाले. "आणि माझं कुणी मानू नये. मॉडेल बनवा, वाऱ्याच्या बोगद्यात ठेवा. आकडे बोलतील."

मॉडेल बनलं. बेडकीच्या आधीच्याच मॉडेलवर पुट्टीचा उंचवटा चढवला, बोगद्यात पाठवलं, तिथे त्याच्यावर वाऱ्याचा झोत सोडला, आणि आकडे आले. आकडे बोलले, पण लेकीच्या बाजूने एक अक्षरही नाही. थरथर होती तेवढीच. उंचवट्याने कणभरही फरक पडला नव्हता.

लेकीने अहवाल दोनदा वाचला आणि मिटला. "बोलले आकडे, साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, बापाचीच मुलगी. पण जाताना तिचा कागद टेबलावर तिरका राहिला, आणि साहेबांनी तो सरळ केला नाही.

ते जिंकले होते. विभागात कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, सगळे भलतेच कामात होते. जिंकल्यावर माणसाला भूक लागते असं म्हणतात. त्या रात्री साहेबांनी ताटातलं नुसतं इकडचं तिकडे केलं. लेक जेवायलाच आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडली होती.

"दोघांनी मिळून काय उद्योग केलाय?" बायकोने विचारलं.

साहेबांनी सांगितलं. उंचवटा, बोगदा, आकडे. बायकोला हवेतलं काही कळत नसे, पण माणसांतलं सगळं कळे.

"तिने हे विमान मागून का घेतलं, विचारलंत कधी?"

"आवड असेल."

"आवड! अहो, लहानपणी तुमच्या सुईच्या नकाशावर तिने वैमानिकाच्या शेजारी आणखी एक माणूस काढला होता, चष्मेवाला. तुम्ही केवढे ओरडलात तिला. म्हणालात, इथे जागा एकाचीच आहे. रडत माझ्याकडे आली, म्हणाली, मग बाबांनी कुठे बसायचं?" बायकोने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "इतक्या वर्षांनी पोरीने तुमच्यासाठी खुर्ची केली. बसा आता आकडे मांडत."

आपलं दुखणं कुणाला माहीत नाही, असं साहेब इतकी वर्षं समजत होते. घरात दोघींनाही ते पाठ होतं. त्यांना लाज वाटली आणि लाजेपेक्षाही जास्त वाईट वाटलं. पण वाईट वाटून हवेचे आकडे बदलत नाहीत. पोरीवर माया आहे म्हणून नापास चाचणीवर 'पास' अशी सही करणारे ते नव्हते, आणि तिनेही त्यांना ती करू दिली नसती.

सकाळी ते आधी मॉडेलघरात गेले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते नापास मॉडेल परत येऊन फळीवर पडलं होतं. नापास झालेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा त्यांनी डोळे मिटून त्याच्यावरून तळहात फिरवला. डोक्यापासून शेपटापर्यंत. हात कुठेही अडखळला नाही.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा फिरवला.

हात अडखळायला हवा होता! अडखळला नाही तरी निदान चढायला तरी हवा होता. उंचवटा कुठे गेला?

"पॉलिशकाका!"

काका एप्रनला हात पुसत आले. "बोला साहेब."

"याच्या पाठीवर काही होतं का?"

"होतं म्हणजे!" काकांना बोलायला विषयच मिळाला. "केवढं टेंगूळ होतं, साहेब! पोरांनी पुट्टी फासली आणि घासायची विसरली. बोगद्याची गाडी दारात उभी. म्हटलं, हे असलं मॉडेल साहेबांच्या नावाने जाणार? दुपारचं जेवण सोडलं आणि घासून काढलं. अशी गुळगुळीत केली पाठ, की माशी घसरेल." ते जरा थांबले. "हात अडखळला का?"

"नाही," साहेब म्हणाले. "अजिबात नाही अडखळला."

बोगद्याची माणसं मॉडेलवरची चिठ्ठी वाचतात, मॉडेल वाचत नाहीत. चिठ्ठीवर 'उंचवट्यासह' असं होतं. त्यांनी बिनउंचवट्याचं मॉडेल ठेवलं आणि उंचवट्याचे म्हणून आकडे दिले. जुन्या आकड्यांशी ते जुळले यात नवल काहीच नव्हतं, मॉडेल जुनंच होतं. गुरूची विद्या गुरूला फळली होती.

साहेब तिथल्या स्टुलावर बसले. आता खरं सांगायचं, तर त्यांच्या मनात तेव्हा काय आलं ते फारसं शोभणारं नव्हतं. ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती. काकांना आपण काही केलंय याचा पत्ताच नव्हता. अहवाल गेला होता, पोरगी 'हरले' म्हणून मोकळी झाली होती. गप्प बसलं, तर सुईची पाठ जन्मभर सरळ राहणार होती. त्यांनी मॉडेलच्या त्या सुंदर, सरळ पाठीकडे बघितलं. तरुणपणी काढलेली रेषा. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांना पहिल्या फटक्यात जमली होती.

मग त्यांना तो चष्मेवाला माणूस आठवला. त्यांनी तो खोडरबराने पुसला होता. नीट, काळजीपूर्वक, कागदावर डागही न ठेवता.

"काका, पुट्टी आहे का?"

"आहे की. कुठे भरायचंय?"

"पाठीवर."

पॉलिशकाकांचं तोंड उघडं राहिलं ते बराच वेळ मिटलं नाही. साहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि स्वतःच्या हाताने पुट्टी चढवायला घेतली. त्यांनी कागद पाहिला नाही. लेकीचा उंचवटा त्यांना पाठ होता; राग आलेली रेषा माणूस विसरत नाही. डोळे मिटून तळहात फिरवत, दाबत, पुन्हा फिरवत त्यांनी तो छतापासून असा उतरवला, की हात चढतोय कधी आणि उतरतोय कधी ते हातालाच कळू नये.

विभागात ते तसेच शिरले, कोपरापर्यंत पांढरे, मॉडेल काखेत. सगळे उठून उभे राहिले.

"चाचणी झालेलीच नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उंचवटा बोगद्यात गेलाच नव्हता. तो आधीच घासला गेला. आणि तो घासला काकांनी असला, तरी घासायला लावला मी. इतकी वर्षं लावत आलोय. अहवाल मागे घ्या. हे मॉडेल आत्ता पाठवा, आणि बरोबर तू जा, बोगद्याच्या दारापर्यंत. कुणालाही हात लावू देऊ नकोस. मलासुद्धा."

लेक बघत राहिली. मग तिच्या तोंडून भर विभागात, सगळ्यांसमोर निघालं, "बाबा!"

कुणीतरी हातातली पट्टी खाली टाकली. साहेबांनी घसा साफ केला. "नियम नंतर बघू," ते म्हणाले.

या वेळी आकडे बोलले, आणि काय बोलले! थरथर जवळजवळ गेली. महिन्याच्या आत खऱ्या बेडकीच्या पाठीवर उंचवटा बसला. ढगोबा वाळूचं पोतं घेऊन वर गेला, आणि थोड्या वेळाने आभाळात असा धडाका झाला की उपाहारगृहातल्या सगळ्या बशा नाचल्या. जाडी बेडकी आवाजाला मागे टाकून आली होती. समितीने मान डोलावली. सहीच्या वेळी एक सदस्य म्हणाला, "पण दिसायला जरा..." साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने वाक्य तिथेच सोडलं. आपल्या पोरीला आपण काहीही म्हणू. परक्याने म्हणायचं काम नाही.

साहेबांच्या निवृत्तीच्या आठवड्यात दुसऱ्या खुर्चीतून पोतं निघालं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, ज्याने विमान काढलं त्याचा पहिला मान. म्हणजे लेकीचा.

"माझा मान मी बाबांना देते," लेक म्हणाली. कारखान्यात आता ती त्यांना बिनदिक्कत बाबा म्हणत होती.

डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे तपासले, आणि विचारलं, "काही त्रास?" साहेब म्हणाले, "तुमचं तपासणीचं टेबल एका बाजूने खचलंय." डॉक्टरांनी लगेच परवानगीवर शिक्का मारला.

वर गेल्यावर साहेबांनी काही बघितलं नाही. ना ढग, ना जमीन. ते फक्त वेगाच्या काट्याकडे बघत होते आणि तळहात छताच्या कडेवर ठेवून होते. काटा चढत गेला. जिथे बेडकी थरथरायची तिथे आला. साहेबांनी श्वास धरला. काटा जरासा उडाला आणि पुढे गेला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, साहेब," शेजारून ढगोबा म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. कळत नाही काही. म्हणूनच मी छान म्हणायचो."

साहेब हसायला लागले. आवाज मागे राहिला होता, आणि आत सगळं निवांत होतं. इतक्या वर्षांची त्यांची सगळी मेहनत याच्यासाठी होती, काही कळू नये म्हणून! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते प्राणवायूच्या मुखवट्यामुळे पुसताही येईना. ढगोबाने भल्या माणसासारखं दुसरीकडे बघितलं.

खाली शिडीपाशी लेक उभी होती, अगदी ते उभे राहायचे त्याच जागी.

"कसं वाटलं, बाबा?"

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. "छान," ते म्हणाले. आणि तिचा चेहरा पाहून घाईघाईने पट्टे सोडायला लागले. "थांब, असं सांगून कळणार नाही. टाकी भरा रे परत! चढ तू."

"मी? आत्ता?"

"मग कधी? खुर्ची कुणी काढली?"

त्यांनी स्वतः तिचे पट्टे बांधले, ओढून, सरळ करून. बेडकी धावपट्टीवरून गेली, उचलली गेली, दिसेनाशी झाली. साहेब पॉलिशकाकांच्या शेजारी मान वर करून उभे राहिले. बायकोही फाटकातून आत आली होती. पहारेकऱ्याला तिने काय सांगितलं कोण जाणे.

धडाका झाला. सगळ्यांनी कान झाकले. काका दचकले, बायको दचकली, कुठेतरी काच खळखळली. साहेबांनी कान झाकले नाहीत. आयुष्यभर तो आवाज त्यांनी खालूनच ऐकला होता. आज पहिल्यांदा त्यांना ठाऊक होतं, की वर, त्या आवाजाच्या पुढे, अगदी शांत असतं, आणि त्या शांततेत त्यांची पोरगी बसली आहे.

"गेली हो पलीकडे," ते बायकोला म्हणाले. "काही कळलंसुद्धा नसेल तिला."